शाळा व्यवस्थापन समितीला हिशेब विचारताना

जिल्हा परिषदेच्या शाळेचा कारभार बिघडला की गावात पहिलं बोट गुरुजींकडे जातं. उशिरा येतात, वर्गात बसत नाहीत, फोनवर असतात. काही वेळा ते खरं असतंही. पण आम्ही पालक मिळून शाळेच्या कागदपत्रांच्या मागे लागलो तेव्हा वेगळंच दिसलं. पैसा, पोषण आहार आणि हजेरी या तिन्ही ठिकाणी जिथे गोंधळ असतो, तिथे शाळा व्यवस्थापन समिती मुळात रीतसर बनलेलीच नसते. सह्यांपुरती ती असते, कामापुरती नसते. त्यामुळे शिक्षकाविरुद्ध अर्ज लिहायला बसण्याआधी समितीचे कागद काढावेत, असं आमचं ठाम मत आहे. ज्यांना आपल्या गावच्या शाळेत हे करायचं आहे त्यांना उपयोगी पडावं म्हणून हा सगळा प्रवास, त्यातल्या अडचणींसकट, लिहितो आहोत.

आधी अधिकार कुठपर्यंत आहे ते बघू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ चा, आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती येते. जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका यांच्या शाळांत समितीला देखरेखीचा पूर्ण अधिकार आहे. खाजगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त सल्ला देऊ शकते. विनाअनुदानित शाळेला हे कलम लागूच नाही. म्हणजे पुढचं सगळं सरकारी शाळांपुरतं आहे.

समितीची कामंही कायद्यात लिहिलेली आहेत: शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि सरकारकडून, स्थानिक संस्थेकडून किंवा आणखी कुठूनही शाळेला मिळालेल्या पैशाच्या वापरावर नजर ठेवणं. "आणखी कुठूनही" हे शब्द लक्षात ठेवावेत. एखाद्या कंपनीने दिलेले संगणक, माजी विद्यार्थ्यांनी दिलेली देणगी, गावाने केलेली लोकवर्गणी, सगळं त्यात आलं. "ते लोकवर्गणीचं आहे, त्याचा हिशेब नसतो" असं उत्तर मिळालं तर ते कायद्याला धरून नाही.

रचना तपासायला दहा मिनिटं पुरतात. किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. आपल्याकडे समिती साधारण १२ ते १६ जणांची असते. १२ जणांची धरली तर ९ पालक, आणि उरलेल्या तिघांत एक शिक्षक, एक स्थानिक संस्थेचा निवडून आलेला सदस्य, एक शिक्षणाची जाण असलेली गावातली व्यक्ती. सहा महिला. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात, अध्यक्ष होऊ शकत नाहीत. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांमधूनच येतात. मुदत दोन वर्षांची. मूल शाळेतून बाहेर पडलं की पालक म्हणून असलेली जागा रिकामी होते. चौथीपर्यंतच्या शाळेत हा मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो, कारण ज्याचं मूल कधीच हायस्कूलला गेलं तोच माणूस अजून अध्यक्ष म्हणून सही करत असतो.

हे ताडून बघायचं तर सदस्यांची यादी आणि पटावरची मुलं शेजारी ठेवायची. यादीतल्या प्रत्येक नावापुढे त्याच्या मुलाचं नाव आणि इयत्ता लिहायची. ज्या नावापुढे काहीच लिहिता येत नाही, तिथून प्रश्न सुरू होतो.

यानंतर इतिवृत्ताची वही, म्हणजे गावच्या बोलीत प्रोसिडिंग. शाळेच्या सगळ्या कागदांत ही वही सर्वांत जास्त बोलते. ती हातात आली की मजकूर नंतर वाचावा, आधी सह्या बघाव्यात. बैठक दर महिन्याला व्हायला हवी. सहा महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाखाली एक सरळ रांगेत असतील तर त्या एका दिवसात घेतलेल्या आहेत. खऱ्या बैठकीतल्या सह्या वाकड्यातिकड्या असतात, कुणी उशिरा येऊन कोपऱ्यात केलेली असते, कुणाचा अंगठा असतो, शाई बदललेली असते. मग ठराव वाचायचे. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. शाळेच्या भौतिक सुविधांबाबत चर्चा करण्यात आली. सर्वानुमते मंजूर." महिनोन् महिने हेच तीन वाक्यांचं पान असेल, तर बैठक झालेली नाही. ठरावाला सूचक आणि अनुमोदक आहेत का, रक्कम आकड्यात लिहिली आहे का, हे पाहावं. आणि शेवटच्या ओळीनंतर, अध्यक्षांच्या सहीच्या वर, चार-पाच ओळींची जागा मोकळी सोडलेली दिसली तर तिथे नंतर काहीतरी लिहिलं जाणार आहे हे समजून चालावं. नव्या समितीने पहिल्याच बैठकीत नियम करावा: मजकूर संपला की खाली आडवी रेघ, रेघेला लागून सही, आणि सही झाल्याबरोबर पानाचा फोटो सगळ्या सदस्यांच्या फोनवर. आमच्याकडे सर्वांत मोठा फरक या एका सवयीने पडला.

वही मागायची कशी? सदस्य असाल तर सरळ मागायची, तो तुमचा हक्क आहे. "गुरुजी, मागच्या वर्षाचं प्रोसिडिंग बघायचं होतं. इथेच बसून बघतो, घरी नेत नाही," एवढं बोलणं बहुतेक वेळा पुरतं. सदस्य नसाल तर अध्यक्षांच्या नावे साध्या कागदावर विनंती अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. टाळाटाळ झाली तरच माहितीच्या अधिकाराकडे जा. पहिल्याच पावलाला माहितीचा अर्ज टाकला की शाळेतला प्रत्येक माणूस बचावाला उभा राहतो, आणि जे कागद सहज मिळाले असते तेही कपाटात जातात.

माहितीचा अर्ज द्यायची वेळ आलीच तर तो पंचायत समितीच्या शिक्षण विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यावा. माहिती दुसऱ्याकडे असेल तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच ५ दिवसांत अर्ज पुढे पाठवायचा असतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. "शाळेच्या भ्रष्टाचाराची माहिती द्या" अशा अर्जाला काहीही उत्तर येत नाही. नोंदवहीचं नाव आणि काळ लिहावा: "दि. १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळातील शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्ताच्या साक्षांकित प्रती." रोकडवहीसाठी वेगळा अर्ज, साठा नोंदवहीसाठी वेगळा. "का", "कशासाठी", "कोण जबाबदार" हे प्रश्न अर्जात नकोत, कारण कायदा कागद देतो, खुलासा देत नाही. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, म्हणून आधी अभिलेख पाहण्याची मागणी करावी, हवी तेवढीच पानं घ्यावीत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं, पण तिथे निकालाला फार वेळ लागतो. शाळेची गोष्ट तोवर थांबत नाही, त्यामुळे आयोगावर सगळा भार टाकू नये.

अर्ज ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत अशा माणसाने दिलेला बरा. हे भित्रेपणाचं वाटेल, पण पोरगं रोज त्याच वर्गात बसतं हे विसरून चालत नाही. शिकलेला भाऊ, गावात राहणारा निवृत्त कर्मचारी, कुणीही नागरिक अर्ज करू शकतो. तक्रारीच्या वेळी मात्र पालकांच्याच सह्या हव्यात, आणि जितक्या जास्त तितकं कुणा एकाचं मूल कमी उघडं पडतं.

आता पैसा. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळतं. निकष पटावर ठरतो: ३० पर्यंत मुलं असली तर १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याहून जास्त पटाला एक लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे ६४ मुलांच्या शाळेत निदान २,५०० रुपये शौचालय, हात धुण्याची सोय, साबण, झाडू-फिनाईल यांवर दिसले पाहिजेत. ग्रंथालयाला आणि खेळाच्या साहित्याला वेगळं अनुदान आहे. प्राथमिक शाळेसाठी दोन्हींचा निकष ५,००० रुपयांचा. पूर्ण रक्कम दरवर्षी येतेच असं नाही, कधी अर्धीच येते. म्हणून "निकषाप्रमाणे २५,००० यायला हवे होते, कुठे गेले?" असं विचारण्याआधी त्या वर्षी प्रत्यक्षात किती वितरित झाले ते गटसाधन केंद्रातून किंवा शिक्षण विभागातून विचारून घ्यावं. हा आकडा हातात नसताना भांडायला गेलेल्या पालकांना एका वाक्यात गप्प बसवलं जातं.

पूर्वी बँकेत शाळेचं खातं असायचं आणि चेकवर अध्यक्ष व मुख्याध्यापक दोघांच्या सह्या लागायच्या. कोऱ्या चेकांवर अध्यक्षांच्या सह्या घेऊन पुस्तक कपाटात ठेवायची पद्धत त्या काळातली. आता शाळेच्या नावावर शून्य शिलकीचं खातं असतं, पीएफएमएस या ऑनलाईन प्रणालीवर खर्चाची मर्यादा येते, आणि पुरवठादाराच्या खात्यात थेट पैसे जातात. पद्धत बदलली, जुनी खोड राहिली. आज त्या कोऱ्या चेकची जागा अध्यक्षांच्या आधीच घेऊन ठेवलेल्या सहीने किंवा कुणातरी ऑनलाईन सेंटरवाल्याकडे असलेल्या पासवर्डने घेतली आहे. अध्यक्षांनी एवढं तरी करावं: पेमेंटच्या कागदावर सही करताना पुरवठादाराचं नाव, रक्कम आणि ठराव क्रमांक तिन्ही वाचून, त्या कागदाची झेरॉक्स आपल्याकडे ठेवावी.

अनुदान येतं बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि ३१ मार्चला न खर्चलेली मर्यादा परत जाते. बरेचसे खोटे खर्च या घाईत होतात, हे शिक्षकांच्या बाजूनेही समजून घ्यायला हवं. वर्षभर मुख्याध्यापकांनी स्वतःच्या खिशातून खडू, फाईली, लाईट बिल भागवलेलं असतं. पैसे आले की ते वसूल करायचे असतात, पण त्याची पावती नसते. मग एखाद्या दुकानदाराकडून "स्टेशनरी व इतर" असं बिल घेतलं जातं. यात लबाडी नसेलही, पण कागद खोटा होतो, आणि एकदा कागद खोटा करायची सवय लागली की खरी लबाडी त्याच वाटेने आत येते. यावरचा उपाय पालकांच्या हातात आहे: डिसेंबरातच खर्चाची यादी ठरावासह तयार ठेवायची. शाळा विकास आराखडा नेमका यासाठी आहे. तो तीन वर्षांचा असतो, वर्षवार भाग पाडलेले असतात, आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या तीन महिने आधी व्हायला हवा. त्यात पटाचा अंदाज, लागणारे जादा शिक्षक, खोल्या-शौचालय-पाणी यांची गरज आणि लागणारा पैसा इतकं आलं पाहिजे. बहुतेक शाळांत आराखडा असतो, पण शेजारच्या शाळेचा नाव बदलून आणलेला. वाचला की लगेच कळतं, कारण आपल्या शाळेत नसलेल्या खोलीची दुरुस्ती त्यात असते.

हिशेब तपासताना तीन कागद एका ओळीत ठेवायचे: ठराव, बिल, आणि साठा नोंदवही. वस्तूची नोंद साठ्यात आहे का, आणि मग ती वस्तू शाळेत प्रत्यक्ष आहे का. तीन कोटेशन एकाच हस्ताक्षरातली, किंवा तीन दुकानांच्या लेटरहेडवर एकसारखी अशुद्धलेखनाची चूक, हे हमखास सापडतं. वॉटर फिल्टर दोनदा घेतलेला असतो आणि शाळेत एकही चालू नसतो. रंगकामाचं बिल असतं आणि भिंतीला हात लावला की चुना बोटाला लागतो. अशा वेळी आरडाओरडा न करता तिथेच कागदावर नोंद करावी: तारीख, बिल क्रमांक, रक्कम, प्रत्यक्षात काय आढळलं. हजर असलेल्या सदस्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या तक्रारीचा कणा हाच कागद असतो.

पोषण आहाराकडे आम्ही सर्वांत जास्त लक्ष दिलं, कारण तिथली चोरी थेट मुलांच्या ताटातली असते. केंद्राच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. पाचवीपर्यंतची ४० मुलं हजर असतील तर ४ किलो तांदूळ, ८०० ग्रॅम डाळ, २ किलो भाजी आणि २०० ग्रॅम तेल. हे गणित शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही आणि तपासायला आलेल्या आईलाही ते समोर दिसतं.

पण खरा घोटाळा पातेल्यात फार क्वचित होतो, तो गोण्या उतरवताना होतो. ५० किलोची म्हणून आलेली गोणी भरते त्याहून कमी. मुख्याध्यापक वजन न करता पावतीवर सही करतात, कारण गाडीवाला घाईत असतो आणि तो सोमवारी परिपाठाच्या वेळी आलेला असतो. एकदा ५० ची सही झाली की कमी आलेले किलो नोंदवहीत साठा म्हणून उभे राहतात. ते कुठेतरी खर्ची पडायला हवेत. मग हजेरी वाढवून लिहिली जाते: आली ३१ मुलं, आहार नोंदवहीत ३८. महिनाअखेर साठा जुळतो. पुढे वर्गाची हजेरीही त्याला जुळवून घ्यावी लागते, आणि गैरहजर मूल हजर दिसू लागतं. जे पोर महिनाभर ऊसतोडीला आई-बापासोबत गेलं आहे, ते कागदावर रोज शाळेत जेवत असतं, त्यामुळे त्याला शोधायला कुणीच जात नाही. गोणीतले दोन किलो इथवर येऊन पोचतात. म्हणून समितीतल्या कुणीतरी एकाने धान्य उतरवताना हजर राहायचं, लटकवायचा काटा शाळेत ठेवायचा आणि पावतीवर प्रत्यक्ष वजन लिहूनच सही द्यायची. गाडीवाला सुरुवातीला कुरकुर करतो. पावतीवर दोन-तीन वेळा कमी वजन लेखी चढलं की गोण्या पूर्ण भरून यायला लागतात.

तपासणीसाठी एखादा सामान्य वार निवडा. वर्गातली मुलं स्वतः मोजा, मग वर्गहजेरी बघा, मग त्याच दिवसाची आहार नोंदवही. तिन्ही आकडे एक असले पाहिजेत. वाढण्याआधी शिक्षक आणि एक पालक यांनी चव घ्यायची असते आणि चव नोंदवहीत सही करायची असते. त्या वहीत वर्षभर एकाच पालकाचं नाव असेल, तर त्या पालकाला जाऊन विचारा. ते शेवटचे कधी शाळेत गेले होते, हे ते प्रामाणिकपणे सांगतात.

शिक्षकांच्या हजेरीबाबत मस्टर आणि हालचाल नोंदवही, म्हणजे कामासाठी शाळेबाहेर गेल्याची नोंद, बघावी. मस्टरवर सही आणि हालचाल वहीत काहीच नाही, पण माणूस शाळेत नाही, हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे शिक्षक कागदावर आपल्या शाळेत आणि काम दुसरीकडे, म्हणजे प्रतिनियुक्ती. त्याचा लेखी आदेश मागावा. तोंडी आदेशावर चाललेल्या प्रतिनियुक्त्या समितीचं एक पत्र गेलं की बऱ्याचदा संपतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. गुरुजी वर्गात नसण्याचं कारण वरून आलेलं एखादं सर्वेक्षण असेल, तर पालकांनी गुरुजींविरुद्ध लिहिण्याऐवजी त्या आदेशाविरुद्ध लिहावं. अशा पत्रानंतर शिक्षक पालकांकडे वेगळ्या नजरेने बघतात, हे आम्ही पाहिलं आहे.

कोणती उणीव कुणाची, याची विभागणी तक्रारीआधीच करून घ्यावी. शिक्षकांची रिक्त पदं भरणं मुख्याध्यापकांच्या हातात नाही. ती जिल्हा परिषदेची बाब आहे. ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार हे कायद्याच्या परिशिष्टातलं प्रमाण आहे, आणि मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त जागा रिक्त ठेवू नयेत असं कलम २६ सांगतं. मोडकळीला आलेली खोली पाडायची असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून बाद करण्याचा, प्रस्ताव लागतो, त्याला बांधकाम विभागाच्या अभियंत्याचा दाखला लागतो. पाण्याचं कनेक्शन, कुंपण, शौचालयाची दुरुस्ती ही कामं ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसवता येतात. म्हणजे ग्रामसेवक आणि सरपंचही इथे उत्तरदायी आहेत. सगळा राग एका मुख्याध्यापकावर काढला की बाकीचे सगळे सुटतात.

आता तक्रार. कलम ३२ प्रमाणे मुलांच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, आणि ती तीन महिन्यांत निकाली काढणं बंधनकारक आहे. अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांना. विषयाच्या ओळीतच "कलम ३२ अन्वये तक्रार" असं लिहावं, नाहीतर अर्ज साध्या निवेदनांच्या गठ्ठ्यात जातो आणि तीन महिन्यांची मुदत कुणी मोजत नाही. एका अर्जात एकच मुद्दा. आहाराचा वेगळा, अनुदानाचा वेगळा. सात मुद्द्यांच्या अर्जावर चौकशी अधिकारी सर्वांत सोप्या मुद्द्याचं उत्तर लिहून प्रकरण बंद करतो. अर्जात विशेषणं नकोत. "मुजोर", "भ्रष्ट" हे शब्द काढून तारीख, नोंदवहीचं पान आणि रक्कम लिहावी. शेवटी मागणी स्पष्ट हवी: कोणत्या नोंदवह्यांची तपासणी, कुणासमोर, आणि अहवालाची प्रत अर्जदारांना. दोन प्रती न्याव्यात, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये. "ठेवून जा, साहेब आले की देतो" याला पोच म्हणत नाहीत. तीन महिन्यांत काही झालं नाही, किंवा निकाल पटला नाही, तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते.

त्याच्या जोडीने ग्रामसभेचा ठराव घ्यावा. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जे कमी असेल तेवढे लागतात. विषय ऐनवेळी मांडला तर "आयत्या वेळच्या विषयात" अडकतो, म्हणून आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यावा. महिलांची ग्रामसभा अगोदर होते, तिथे हा विषय जास्त जोमाने निघतो. आहार, शौचालय आणि मुलींची सुरक्षितता यांवर आया बोलायला लागल्या की गावातलं गटातटाचं राजकारण थोडं मागे सरतं. गटातट हा यातला सर्वांत अवघड भाग आहे. अध्यक्ष सरपंचाच्या गटाचा असेल तर तक्रार विरोधी गटाची ठरते, आणि मग कागदाकडे कुणी बघत नाही. म्हणून तक्रारीवर दोन्ही बाजूंच्या पालकांच्या सह्या मिळेपर्यंत थांबलेलं बरं.

शाळेला कुलूप ठोकण्याच्या आम्ही विरोधात आहोत. बातमी येते, अधिकारी धावत येतात, एखादा शिक्षक तात्पुरता मिळतो आणि काही आठवड्यांत परत जातो. मुलांचे दिवस बुडतात. पालकांवर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला, तर पुढची दोन वर्षं गावात कुणी शाळेबद्दल तोंड उघडत नाही.

चौकशीला केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी येतात. त्या दिवशी निदान पाच-सहा पालकांनी हजर राहावं, नोंदवह्या समोर उघडायला लावाव्यात. जबाब त्यांनी लिहून घेतला तर पूर्ण वाचून, रिकाम्या जागेवर रेघ मारून मगच सही करावी. वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा आणि तसं त्यात लिहायला लावावं. साधारण चहाच्या वेळेला "गावातल्या गावात मिटवून टाका, गुरुजींच्या नोकरीचा प्रश्न आहे" असं सुरू होतं. तडजोड करायला हरकत नाही, पण तक्रार मागे घेतल्याचा कागद आधी देऊ नये. काय दुरुस्त होणार, कोणत्या तारखेपर्यंत, हे समितीच्या इतिवृत्तात लिहून सह्या झाल्या, आणि ते प्रत्यक्षात झालं, की मग तो कागद.

समिती नव्याने बनवताना पालकसभेची लेखी सूचना मुलांच्या दप्तरातून घरोघर पाठवायला लावावी. वेळ सुगीतली किंवा भर दुपारची नको. संध्याकाळी किंवा बाजाराचा दिवस सोडून सुट्टीच्या दिवशी जास्त लोक येतात. नावं इयत्तावार मागावीत, म्हणजे प्रत्येक वर्गाचे पालक आपापल्यातून सुचवतात आणि तयार यादी वाचून दाखवायला जागा उरत नाही. महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा बैठकीला येऊन बसला तर त्याला नम्रपणे बाहेर बसवावं. पहिल्या वेळी हे जड जातं, दुसऱ्या वेळी तो येत नाही.

यात बहुतेक ठिकाणी एक गोष्ट निसटते. तक्रारीचा शेवट बदलीत होतो, गाव समाधानी होतं, आणि जुने मुख्याध्यापक निघून जातात. पण कार्यभार देताना रोकडवहीची शिल्लक, साठा नोंदवहीतली प्रत्येक वस्तू, तांदळाचं उरलेलं वजन आणि पीएफएमएसचे लॉगिन यांची यादी करून दोघांच्या सह्या व्हायच्या असतात. ती यादी समितीसमोर झाली नाही, तर नसलेला फिल्टर आणि कमी असलेलं धान्य नव्या मुख्याध्यापकांच्या नावावर चढतं, आणि साठा जुळवण्यासाठी त्यांनाही पहिल्याच महिन्यात हजेरी वाढवावी लागते. बदलीचा आदेश निघाल्याचं कळलं की त्याच दिवशी अध्यक्षांनी कार्यभार समितीच्या दोन सदस्यांसमोर द्यावा असं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावं, काटा बाहेर काढावा आणि गोण्या मोजायला सुरुवात करावी.